पायमास्तरांचे नवे बूट

पायमास्तर माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. हा उर्मटपणा नव्हे, धंद्याची खोड आहे. समोरून कोणी आलं की त्यांची नजर आधी पायांवर जाते, मग गुडघ्यांवर, मग कमरेवर, आणि ती तोंडापर्यंत पोचेस्तोवर माणूस पुढे निघून गेलेला असतो. मग हे मागून हाक मारून सांगणार, तुमची उजवी टाच बाहेरून झिजतेय, बघा जरा. लेकीने पसंत केलेला मुलगा पहिल्यांदा घरी आला तेव्हा सगळे त्याची नोकरी काय, घर केवढं, हे विचारण्यात गुंतले होते. पायमास्तर तो गेल्यावर एवढंच म्हणाले, की मुलगा चांगला आहे, डावा पाय किंचित आत टाकतो, पण निभेल. तेव्हापासून सासऱ्यासमोर खोलीतून उठून जायचं म्हटलं की जावयाला घाम फुटतो.

एकतीस वर्षं ते पाय बनवतात. ज्यांचे पाय अपघातात गेले, आजाराने गेले, किंवा जन्मापासूनच नव्हते, त्यांच्यासाठी. मोठ्या रुग्णालयाच्या मागे एक लांबट कार्यशाळा आहे. दारातून आत शिरलं की प्लास्टरची पांढरी पूड नाकात जाते. मधोमध आधाराला धरून चालायचे दोन समांतर दांडे, त्यांच्या टोकाला माणूसभर उंच आरसा, एका बाजूला भट्टी, दुसऱ्या बाजूला घासायचं यंत्र, आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर माणसांच्या उरलेल्या पायांचे प्लास्टरचे साचे ओळीने उभे, प्रत्येकावर पेन्सिलने नाव. "उरलेला पाय" हा शब्द त्यांचाच. "थोटा" म्हणायची तिथे सोय नाही. एकदा संस्थेच्या एका विश्वस्तांच्या तोंडून तो निसटला, तर पायमास्तरांनी त्यांना हात जोडून व्हरांड्यात नेऊन बसवलं आणि म्हणाले, शब्द आठवला की आत या. विश्वस्त लालबुंद झाले, पण शब्द आठवूनच आत आले.

असा हा माणूस. मी त्यांचं कौतुक करणार आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्यांची एक चूक सांगेन तेव्हा कोणी माझ्यावर डोळे वटारू नयेत. चूक लहान नव्हती. बावीस वर्षं चालली होती, आणि त्यांच्या सगळ्यात जवळच्या दोस्ताच्या पायात चालली होती.

तो दोस्त म्हणजे टपालराव. पोस्टात पत्रं वाटायचे म्हणून टपाल, आणि ऐट मोठी म्हणून राव. बावीस वर्षांपूर्वी मालवाहू गाडीखाली त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. पायमास्तरांनी त्यांना पहिला पाय बनवून दिला. टपालरावांनी दांड्यांमध्ये चार फेऱ्या मारल्या आणि सांगितलं, की फार टोचतंय. पायमास्तर म्हणाले, सवय होईल.

हे दोन शब्द म्हणजे त्यांचं पेटंट औषध. कोणी कण्हलं, कोणी ओठ चावला, कोणी रडकुंडीला आलं, की पाठीवर थाप मारून "सवय होईल". नव्या पायाची खरोखरच सवय व्हावी लागते. पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, असं हळूहळू वाढवायचं असतं. त्यामुळे दहातल्या आठ वेळा ते खरंही ठरायचं. उरलेल्या दोनांचं काय, हे विचारायला ते थांबत नसत, कारण बाहेर बाकावर पुढचा माणूस बसलेला असायचा.

आठ दिवसांनी टपालरावांनी तो पाय कागदात गुंडाळून, वरून सुतळी बांधून, रीतसर पुडकं करून कार्यशाळेत पाठवला. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं: "पत्ता चुकीचा. पाठवणाऱ्याकडे परत." कार्यशाळेतले सगळे पोट धरून हसले. पायमास्तरांच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी टपालरावांना बोलावून घेतलं, पहिला साचा त्यांच्यासमोर फोडला आणि नवा घेतला. चार तास लागले. हाताने चाचपून, ओलं प्लास्टर दाबून, पुसून, पुन्हा दाबून. हा दुसरा पाय घालून टपालराव उभे राहिले आणि काठी न घेता आरशापर्यंत गेले. महिन्याभरात त्यांनी पुन्हा पत्रांची पिशवी खांद्याला लावली.

त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली, ती आजतागायत. आणि तो दुसरा साचा पायमास्तरांनी देवासारखा जपला. वरच्या फळीवर, मधोमध. दर चार-पाच वर्षांनी पाय झिजला की त्याच साच्यावरून नवा. नवीन शिकायला आलेल्या माणसाला ते तो साचा हातात देऊन सांगत, माप असं घ्यावं, एकदा घेतलं की जन्माला पुरावं.

आता ही चूक जिथे उघडी पडली, त्या डोंगराकडे येऊ. मोठ्या माणसाचा पाय चार-पाच वर्षं चालतो. मूल मात्र वाढतं, आणि त्यात मुलाचा काही दोष नाही. वर्षभरात पाय आखूड पडतो, मग नवा करावा लागतो. कार्यशाळेच्या कोपऱ्यात मुलांसाठी बुटकं टेबल आणि बुटके दांडे होते. गेल्या वर्षी संस्थेच्या बैठकीत ठरलं, की यापुढे फक्त मोठ्यांचे पाय बनवायचे, मुलांचं काम झेपत नाही. यादीत चौदा मुलं होती. पहिल्या नंबरवर नऊ वर्षांची एक मुलगी. तिचा पाय दोन बोटं आखूड पडला होता. ती बुटात पुठ्ठ्याच्या घड्या घालून शाळेत जात होती आणि कोणी विचारलं तर बरं आहे म्हणत होती. पायमास्तर बैठकीत तासभर बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि ठराव होता तसाच राहिला. ते घरी आले, जेवले नाहीत, आणि बायकोशी उगाचच भांडले.

तोड काढली टपालरावांनी. दारोदार पत्रं वाटल्यामुळे त्यांना माणसं चांगली कळतात. त्यांचं म्हणणं असं, की देणगी माग, लोक उद्या या म्हणतात. पैज लाव, लोक आजच हात पुढे करतात. शहराच्या उत्तरेला तो उंच डोंगर आहे, माथ्यावर बारा महिने बर्फ असलेला. आपण दोघांनी तो चढायचा. हा बनवलेला पाय माथ्यावर टेकला, तर तुम्ही एका मुलाचा पाय करून द्यायचा. नाही टेकला, तर काही देऊ नका, वर आम्हाला पोटभर हसा. पोस्टातल्या पत्रकांच्या पाठीवर त्यांनी लिहून काढलं: "एक पाय माथ्यावर, चौदा पाय शाळेत." महिन्याभरात बेकरीवाला, बसचालकांची संघटना, दोन शाळा, चष्म्याचं दुकान, स्वतः पोस्ट, असे चौदाच्या चौदा पाय कोणी ना कोणी बोलून ठेवले. अट एकच, पाय माथ्यावर टेकल्याचा फोटो हवा. संस्थेनेही कबूल केलं, की चौदा आले तर मुलांचं टेबल राहील.

पायमास्तर सत्तावन्न वर्षांचे, टपालराव चौपन्नचे. टपालराव रोज मैलोन् मैल चालणारे. पायमास्तरांची चाल म्हणजे टेबलापासून भट्टीपर्यंत. तरी त्यांनी न जाण्याचा प्रश्नच नव्हता. वाटेत पायाला काही झालं तर बघणार कोण? दोन महिने ते पहाटे उठून जिने चढले. पिशवीत सुटे स्क्रू, पाने, कानस, चिकटवायचा डिंक आणि एक जादा पाऊल भरलं, आणि कानामागची जांभळी पेन्सिल तर झोपेतही तिथेच असते. उरलेल्या पायावर घालायचे लोकरीचे मोजे मात्र त्यांनी मोजकेच घेतले. उरलेला पाय ज्यात बसतो तो पेला, म्हणजे सॉकेट, सैल झाला की आत जादा मोजे घालून तो घट्ट करतात. टपालराव म्हणाले, दहा तरी घे. पायमास्तर म्हणाले, माझं सॉकेट सैल होत नाही. घातलेला एक सोडून फक्त चार मोजे घेतले.

निघायच्या आदल्या दिवशी कार्यशाळेतल्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना डोंगरात चालायचे बूट दिले. तपकिरी, जाड तळाचे, कडक चामड्याचे. बायकोने बूट हातात घेऊन वाकवून बघितले. वाकले नाहीत.

"अहो, जुने घाला," ती म्हणाली. "नवे बूट आणि नवा जावई, पहिल्याच दिवशी फार लांब नेऊ नयेत."

लोकांनी प्रेमाने दिलेत, न घालणं बरं दिसत नाही, असं म्हणून त्यांनी ते घातले. एकतीस वर्षं जो माणूस जगाला सांगत आला, की पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, तो माणूस कोरे बूट घालून तीन दिवसांची चढण चढायला निघाला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

पहिला दिवस जंगलातून होता. सोबत एक वाटाड्या, डोंगराखालच्या गावचा, कमी बोलणारा. टपालराव पुढे, पायमास्तर मागे, नजर सतत त्या उजव्या पायावर. दगडावर पाऊल कसं पडतं, उतारावर गुडघा किती वाकतो, सगळं ते मनात टिपत होते. टपालरावांची चाल ते हजारात ओळखत. उजवं पाऊल टेकलं की खांदा डावीकडे किंचित झुकायचा. बावीस वर्षांची पत्रांच्या पिशवीची सवय, असं ते सगळ्यांना सांगत. संध्याकाळी पहिल्या निवाऱ्यात त्यांनी पाय काढून तपासला, कुठे लाल नाही, कुठे सोललेलं नाही. समाधानाने त्यांनी पाव आणि सूप खाल्लं. स्वतःच्या टाचेत काहीतरी चुरचुरतंय, याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी लक्ष द्यावंच लागलं. झाडी संपली, सुट्या दगडांची चढण सुरू झाली, आणि प्रत्येक पावलाला दोन्ही टाचांत कोणीतरी तापलेली सळई टेकवल्यासारखं व्हायला लागलं. त्यांनी पाऊल तिरकं टाकून बघितलं. चवड्यांवर चालून बघितलं. वाटाड्याने विचारलं तर म्हणाले, दृश्य बघत हळू चालतोय. दृश्य म्हणजे धुकं होतं.

टपालराव थांबले, मागे वळले आणि म्हणाले, "बूट काढ."

"काही नाही रे, होईल सवय," पायमास्तर म्हणाले.

बोलून गेले आणि मग स्वतःचेच शब्द कानावर पडले. टपालराव हसले नाहीत, हे विशेष. हसायचा पूर्ण हक्क त्यांचा होता. त्यांनी दोस्ताला दगडावर बसवलं, बुटाच्या नाड्या सोडल्या. दोन्ही टाचांची सालं निघाली होती, मोजे रक्ताने चिकटले होते. ते पाण्याने भिजवून सोडवताना पायमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. टपालरावांनी पिशवीतले ते चार मऊ मोजे काढले, ज्यांना कुठे शिवण नसते, आणि प्रत्येक पायावर दोन-दोन चढवले. त्यावर बूट. पुढचे चार तास पायमास्तर चालले ते त्या मोज्यांच्या जोरावर. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात, तसं त्यांना कळत होतं. एकतीस वर्षांत बाहेर बाकावर बसलेली माणसं एकेक करून आठवत होती, कोणी ओठ चावत होतं, कोणी बरं आहे म्हणत होतं.

वरचा निवारा म्हणजे दगडी खोली, दोन बाकं, एक चूल आणि ती सांभाळणारी एक धिप्पाड बाई. त्या रात्री सगळे लवकरच आडवे झाले. सकाळी उजाडताना टपालरावांनी पाय चढवला, उभे राहिले, आणि पाय आत खट् करून वाजला. दोन दिवसांच्या घामाने आणि श्रमाने उरलेला पाय बारीक झाला होता. जे सॉकेट कधीच सैल होत नव्हतं, ते सैल झालं होतं. आत दोन मोजे जादा हवे होते. आणि सगळे मोजे पायमास्तरांच्या पायांत होते.

पायमास्तर म्हणाले, आज राहू, उद्या बघू. वाटाड्याने दाराबाहेर बोट केलं. पश्चिमेला ढग साचत होते. आज दुपारपर्यंत माथा मोकळा, मग चार दिवस नाही, असं तो म्हणाला. म्हणजे आज, नाहीतर चौदा पाय गेले.

पायमास्तर खाली वाकून टपालरावांसमोर बसले. त्यांनी उरलेला पाय दोन्ही हातांत घेतला, नेहमीसारखा. पण नेहमीसारखे लगेच कामाला लागले नाहीत. स्वतःच्या टाचा ठणकत होत्या. त्यांनी वर, टपालरावांच्या तोंडाकडे बघितलं.

"दुखतं का रे तुला? म्हणजे एरवी. रोजचं."

टपालरावांनी आधी गुडघा चोळला. मग म्हणाले, "दुखतं."

"कधीपासून?"

"दुसरा पाय दिलास तेव्हापासून. एकाच ठिकाणी. तेव्हाही मी बोललो होतो तुला. तू म्हणालास, सवय होईल."

"मग नंतर का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तू चार तास खपला होतास. त्या पायावर मी पुन्हा कामाला लागलो, लेकींची लग्नं केली. तो साचा तू येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचास. मला वाटलं, एवढं चालतंय, थोडं दुखलं तर दुखलं."

बावीस वर्षं, पाच पाय, एकच साचा. जी चूक पहिल्या दिवशी साच्यात राहिली, ती दर वेळी इमानेइतबारे नव्या पायात उतरत गेली. आणि ज्याला ती टोचत होती, तो दोस्ताचं मन मोडू नये म्हणून गप्प राहिला. पायमास्तरांना काय वाटलं असेल, ते मी सांगायला नको. ते रडले, एवढं सांगतो. निवाऱ्याच्या बाईने तोंड फिरवून चुलीत लाकूड सारलं.

मग त्यांनी नाक पुसलं, कानामागची जांभळी पेन्सिल काढली, जिभेवर ओली केली आणि म्हणाले, "कुठे? बोट ठेव."

टपालरावांनी गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला, हाडाचं टोक होतं तिथे बोट ठेवलं. पायमास्तरांनी तिथे जांभळा ठिपका केला, पाय चढवायला लावला, उभं केलं, उतरवला. सॉकेटच्या आत जांभळा डाग उमटला होता. नेमका तिथे त्यांनी कानस चालवली. थोडं घासलं, पुन्हा चढवलं, पुन्हा विचारलं. तिसऱ्या वेळी टपालरावांनी मान हलवली. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. दहा मिनिटं, हे ते पुढे कितीतरी दिवस स्वतःशी म्हणत असत.

राहिले मोजे. पायमास्तरांनी स्वतःच्या पायांतले चारही काढले. आतल्या दोनांवर रक्त होतं, बाहेरचे दोन कोरडे होते. ते दोन त्यांनी कात्रीने हव्या त्या ठिकाणी कापले, हाडाच्या टोकापाशी भोक ठेवलं, आणि दोस्ताच्या पायावर एकावर एक चढवले. पाय खट् वाजला नाही.

आता स्वतःचे उघडे पाय बुटात जाणार नव्हते, हे उघड होतं. तरी ते म्हणाले, "वर काही झालं तर बघणार कोण?"

"तू बघितलंस की आत्ता," टपालराव म्हणाले. "तुझ्याशिवाय चालला तरच पाय म्हणायचा ना?"

वाटाड्याबरोबर ते गेले. पायमास्तर दारापाशी बाकावर बसले, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात. निवाऱ्याच्या बाईने त्यांना दुर्बीण दिली आणि चहा दिला, आणि एकदा विचारलं, की तुम्ही का नाही गेलात. ते म्हणाले, नवे बूट. तिने पुढे काही विचारलं नाही. अशी माणसं तिने पुष्कळ पाहिली असणार.

दोन तास दोन ठिपके दिसत होते, मग ते डोंगराच्या कड्याआड गेले. पायमास्तरांनी सगळे स्क्रू मनातल्या मनात एकदा आवळले. घोट्याचा कसलाय ना? कसलाय. मोजे सरकले तर? सरकणार नाहीत. घाईत जास्त घासलं गेलं असेल तर? सॉकेट पातळ होऊन तडा गेला तर? बर्फात एका पायाचा माणूस, आणि आपण इथे घमेल्यात पाय घालून. एवढी भीती त्यांना आयुष्यात वाटली नव्हती. ढग पुढे सरकत होते.

दुपारी वरून माणसं उतरायला लागली. त्या दिवशी आणखी दोन-तीन जोड्या माथ्याकडे गेल्या होत्या. पायमास्तर दुर्बीण लावून एकेक ठिपका तपासत होते. तोंडं दिसायचा प्रश्न नव्हता, आणि त्यांना तोंडं लागतही नव्हती. उजवं पाऊल टेकलं की खांदा डावीकडे झुकणारा माणूस शोधायचा, बस्स. पहिली जोडी आली, तो नव्हता. दुसरी आली, तो नव्हता. मग बराच वेळ कोणी नाही. मग शेवटचे दोघं कड्याआडून बाहेर पडले. पायमास्तरांनी श्वास रोखून बघितलं. पुढचा वाटाड्यासारखा होता. मागचा सरळ चालत होता. खांदा झुकत नव्हता. दहा पावलं बघितली, वीस बघितली. नाही.

त्यांच्या हातातली दुर्बीण खाली आली. वर आणखी कोणी राहिलं नव्हतं. हा परका कोणी असेल, तर टपाल कुठे आहे? ते घमेल्यातून उठले आणि उघड्या पायांनी दगडांवरून वर चालायला लागले. बाई मागून ओरडत होती, ते त्यांना ऐकू गेलं नाही. टाचांतून पुन्हा रक्त यायला लागलं, ते कळलं नाही. शंभरेक पावलं गेले असतील. समोरच्या माणसाने हात वर केला आणि हाक मारली, तेव्हा कुठे त्यांनी पायांवरून नजर काढून तोंडाकडे बघितलं.

टपालरावच होते. ज्याची चाल हजारात ओळखीन म्हणायचे, त्याला पायमास्तरांनी ओळखलं नव्हतं. खांदा झुकवायची खोड अशी एका दिवसात जात नाही म्हणतात. पण ती खोड नव्हतीच, पिशवीचा तर संबंधच नव्हता. हाडावर भार येऊ नये म्हणून एक माणूस बावीस वर्षं झुकून चालत होता, आणि टोचायचं थांबल्याबरोबर सरळ झाला होता.

टपालराव म्हणाले, "अरे, वेड लागलं का? अनवाणी कुठे निघालास?"

 पायमास्तरांनी तिथेच दगडांत बसून दोस्ताचा पाय दोन्ही हातांनी धरला. वाटाड्या ढगांकडे बघत उभा राहिला. उरलेली शंभर पावलं टपालरावांच्या खांद्यावर हात टाकून पायमास्तर उतरले.

फोटो नीट आला होता. बर्फात रोवलेलं ते पाऊल, वर टपालरावांची ऐट. चौदाही जणांनी शब्द पाळला. बेकरीवाल्याने तर दोन पाय देतो म्हटलं, आणि मुलांचं टेबल आहे तिथेच राहिलं. सत्कार झाला, भाषणं झाली, ती सांगत बसत नाही. सत्काराला पायमास्तर घरच्या सपाता घालून गेले आणि माथ्यावर मी गेलो नाही, एवढंच बोलून खाली बसले. लोकांना वाटलं, विनय.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यशाळा उघडल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते वरच्या फळीवरचा साचा उतरवण्याचं. सगळ्यांसमोर तो फोडला. मग टपालरावांना बसवून नवीन माप घेतलं. या वेळी सहा तास लागले, कारण विचारत विचारत घेतलं. नंतर यादी काढून जुन्या माणसांना एकेक करून बोलवायला सुरुवात केली. तुमचा पाय चांगला चाललाय हे ठाऊक आहे, तरी एकदा या, असं. सत्तावन्नाव्या वर्षी स्वतःचं एकतीस वर्षांचं काम पुन्हा तपासायला बसणारा माणूस मी तरी दुसरा बघितलेला नाही. नवे बूट दाराजवळच्या खुंटीला टांगलेत. शिकायला येणाऱ्याला आता साच्याऐवजी ते हातात देतात आणि घालून गच्चीपर्यंत चार वेळा जाऊन यायला सांगतात.

मुलांत पहिला नंबर त्या नऊ वर्षांच्या मुलीचा होता. नवा पाय तयार झाला. तिने तो चढवला, बुटक्या दांड्यांमधून आरशापर्यंत गेली, परत आली. आई कौतुकाने बघत होती. दोन्ही खांदे एका पातळीत होते, जवळजवळ. पायमास्तर खाली फरशीवर बसले, तिच्या डोळ्यांना डोळे येतील इतके खाली.

"दुखतंय कुठे?"

"नाही," मुलगी लगेच म्हणाली. "छान आहे."

बाहेर बाकावर सहा माणसं बसली होती. पायमास्तर हलले नाहीत. तिच्या तोंडाकडे बघत बसून राहिले. आईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, त्यांनी हाताने तिला थांबवलं. मुलीने आरशाकडे बघितलं, आईकडे बघितलं, बुटाच्या टोकाकडे बघितलं. ते अजून बसलेच होते.

मग तिने वाकून गुडघ्याखाली बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "इथे."

पायमास्तरांनी कानामागची पेन्सिल काढली.